काजं

चाळीस वर्षं कुताइसीत
नोदारनं काजं विणली.
सदरा विरायचा, काज नाही.

आता बोटं थरथरतात.
गळ्याचं बटण लागेतो
चहा निवून जातो.

एका मंगळवारी त्यानं
बटणांचं होतं नव्हतं ते गाठोड्यात बांधलं,
खालच्या मजल्यावरच्या जावयाला दिलं.
उरले तीन स्वेटर, डोक्यातून घालायचे,
नाडीच्या दोन विजारी.
अंधारातही हात चुकत नाही.

कोट मात्र देववला नाही.
रविवारी शेजारची तेकले, वय वर्षं सहा,
जिन्यात उभी राहून
बटणं लावून देते, खालून वर,
जीभ दातांत धरून.

आज गळ्याशी एक काज रिकामं राहिलं.
नोदारला पहिल्याच बटणाला कळलं होतं.

तो तसाच चर्चमध्ये गेला,
पुढच्या रांगेत उभा राहिला.