चोवीस बिट, अठ्ठेचाळीस हजार

मिरजेत, दुपारी तीनला,
दुकानातला पंखा बंद केला. मग ट्यूबलाइट,
तिच्या चोकची घरघर तारांत मिसळते.
दस्तगीरचाचा म्हणाले, "घाम येणार आता. बोट घसरणार."
मी म्हणाले, दहाच मिनिटं.

यंत्र आधी आकडा विचारतं:
सेकंदाला किती वेळा ऐकू?
चव्वेचाळीस हजार शंभर, अठ्ठेचाळीस, शहाण्णव.
माझं बोट शहाण्णववर.
पंगतीत बसल्यावर
पोटाला विचारून कोण जिलबी घेतं?

चाचांना सांगितलं,
माणसाचा कान वीस हजारांपर्यंत चढतो,
त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मोजलं की पुरतं.
"आणि माझा?"
फोनवर एक सूर चढवत नेला.
आठ हजारांच्या अलीकडेच त्यांनी हात हलवला. गेला.
साठ वर्षं जवारी घासणारा कान.
मी फोनकडे बघत राहिले.
तेरा हजारांवर माझाही गेला, ते मी बोलले नाही.
पायरीवर आफ्रिन, त्यांची नात, आठ वर्षांची,
दोन्ही कान दाबून ओरडली,
"बंद कर की गं मावशी, टोचतंय!"

अठ्ठेचाळीस ठेवलं.

मग सोळा की चोवीस.
सोळात आवाज काठापर्यंत भरावा लागतो,
खाली ठेवला तर तळाची खसखस वर येते.
चोवीसात निम्मं भांडं रिकामं सोडलं तरी चालतं.
"एवढी जागा मोकळी कशाला?" चाचांनी पडद्यावर वाकून विचारलं,
हिरवी पट्टी जेमतेम अर्ध्यात नाचत होती.
मी शब्द शोधत होते,
तेवढ्यात त्यांनीच तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारली.
"आमी बी मोठाच घेतो.
भरायला न्हाई."

लाल दिवा लागला.
तपासणीत हळू छेडणारा माणूस
लाल दिव्यासमोर जोर लावतो, हे मला ठाऊक होतं.
पट्टी उसळली, पिवळी झाली, तिथेच थांबली.
जागा कामी आली.

चौथ्या मिनिटाला ते मध्येच थांबले.
मला वाटलं, घाम.
"आफ्रिन, ये हिकडं. घोडीजवळ कान लाव.
वरचं मला कळंना झालंय. तू सांग."
पोरीने मान तिरकी केली. डोळे मिटले नाहीत,
उलट मोठे केले.
तारेखाली दोरा असतो, त्याला ते जीव म्हणतात.
केसभर सरकवला.
"न्हाई."
अजून केसभर.
"न्हाई... आता. आता मुंग्या आल्या."

बाहेर रिक्षा गेली, तीही आत आली.
मी बंद केलं नाही.

रात्री सांगलीला घरी फाइल उघडली,
एकशे नव्वद एमबी.
"मुंग्या आल्या" नंतरचा षड्ज
पुन्हा पुन्हा लावला.
वर काहीतरी उघडलंय
एवढं पडद्यावर दिसतं,
चौदा हजारांच्या वर एक फिकट जांभळी रेघ.

नाव टाकताना तारीख लिहिली, वाद्य लिहिलं,
आणि वादकाच्या रकान्यात
दोन नावं.