बदल : शून्य

श्रेणिक मगदूम म्हणाला, मॅडम, माऊस बाजूला ठेवा.
ठेवला. त्याची शेपटी
टेबलाखाली लोंबत राहिली.
समोर काळा पडदा, आणि कोपऱ्यात
एक पांढरा चौकोन उघडझाप करत,
बँकेतल्या खिडकीमागच्या माणसासारखा :
हं, बोला.

सतरा वर्षं मी या लॅबची सहायक.
सांगली, पेठभाग, तळमजला, चोवीस संगणक.
काही नवीन घालायचं म्हणजे
चोवीस खुर्च्या ओढायच्या, चोवीस वेळा
'होय', 'होय', 'मान्य आहे', 'पुढे'.
आधी सीड्यांचा डबा घेऊन, मग पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून.
माझ्या टाचांना इथली फरशी पाठ आहे.

तो म्हणाला, सरावाला तीनच घेऊ.
खोटी मशीनं, एका खऱ्याच्या पोटातली.
बिघडली तर पुसून परत करू. नावं द्या त्यांना.
मी लिहिलं : हरिपूर, बुधगाव, म्हैसाळ.
हसला. पुण्यात त्याच्या कंपनीत म्हणे
नुसते नंबर असतात.
मग कुलूप तिघांच्या दाराला,
किल्ली आपल्या कनवटीला.

पहिली फाईल दुसऱ्याच ओळीवर अडली.
टॅब नाही मॅडम, दोन स्पेस.
दिसायला तर सारखंच की रे!
ह्याला नाही चालत.
यार्डात हळकुंड मोडून बघतात
तशी एकेक ओळ मोडून बघितली.

मग हाक मारली.
हरिपूरनं ओ दिली.
बुधगावनं ओ दिली.
म्हैसाळ : पोचता येत नाही. लाल अक्षरात.
मीच नावात एक 'ए' जास्त घातला होता,
फाटा चुकलेला.
पुन्हा हाक, आणि तिकडूनही ओ आली
तेव्हा एकटीच हसत सुटले, का ते कळेना.

आता काय करायचं ते सांगू नका, तो म्हणाला,
काय असायला हवं ते लिहा.
फरक काय?
त्यानं इकडंतिकडं पाहिलं.
'खिडकी लाव' असं नाही म्हणायचं.
'खिडकी लागलेली असावी' म्हणायचं.
लागलेलीच असेल, तर ते उठणारच नाही.

लिहिलं. एंटर दाबलं. पिवळ्या ओळी :
बदल सात. सात. सात.
परत दाबा.
झालंय की आता!
म्हणून तर.
हिरवं. बदल : शून्य.
शून्य.
शून्य.
एवढं समाधानाचं शून्य
मी कुठल्या मार्कलिस्टवर पाहिलं नव्हतं.

भिंतीवर त्या वर्षीच्या पाण्याची रेघ आहे,
माझ्या खांद्याला लागते.
दोनदा रंग दिला, वर येतेच.
त्या ऑगस्टनंतर कीबोर्ड उलटे केले
तर बटणांतून गाळ पडायचा,
आणि सगळे मला विचारायचे, कुठल्यावर काय होतं?
कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मी होते ना.
अकराला हिशेबाचं, चौदाला मराठी टायपिंग,
विसाला ते नकाशाचं, ज्याची किल्ली हरवली.
दीड महिना आठवत बसले होते.
नऊ नंबरचं अजून आठवलेलं नाही.

आता एकोणसाठ ओळी.
नऊ नंबर सोडून लॅब सगळी मावली त्यात.
ही जपून कुठं ठेवायची, विचारलं,
तर श्रेणिक ढगाचं काहीतरी सांगू लागला.
ढगावर आम्हा नदीकाठच्यांचा
विश्वास जरा बेताचाच.
विट्याच्या बहिणीला पाठवली.
तिकडं पाण्याला यायचं तर चढ चढावा लागतो.
तिचा फोन : काय गं हे? उघडंना.
म्हटलं, नको उघडूस. असू दे.

निघताना चोवीस बटणं हातानंच बंद केली.
एका ओळीत होतं मॅडम, तो दारातून म्हणाला.
माहीत आहे, म्हटलं,
तू हो पुढं.
आणि नऊ नंबरच्या खुर्चीत
जरा बसले.