बोटभर जागा

आमच्या गावात सॅमनचं पोट सलग चिरत नाहीत.
एक चीर वरून, एक खालून,
मधे बोटभर जागा तशीच सोडायची.
सामुराईंचं गाव हे, पोट फाडणं इथं अशुभ,
असं सासूबाई सांगायच्या
आणि मीठ चोळत राहायच्या.
नोव्हेंबरभर मियोमोते नदीवरून वारा येतो,
वळचणीला शेपटीनं टांगलेले शंभरेक मासे
तोंडं उघडी टाकून सुकत राहतात.

चिहारु सातवीत गेली त्या वर्षी पत्र आलं.
गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. मुलींसाठी लस. फुकट.
सुरी पुसून मी ते वाचलं,
आणि त्याच आठवड्यात दुकानातल्या टीव्हीवर
एक मुलगी दिसली, तिचा पाय तिचं ऐकत नव्हता.
थरथरत होता नुसता, गळाला लागल्यासारखा.
गिऱ्हाइकं थबकली.
मासा तोलायचा राहिला माझ्या हातात.

आणि मिओरी तर तीनच घरं सोडून.
तिनं आधीच घेतली होती, दोनदा.
हात दुखतो म्हणाली, मग गुडघा, मग डोकं,
मग शाळेचा जिना चढवेना.
एक डॉक्टर म्हणाले, तपासण्या स्वच्छ आहेत.
दुसरे म्हणाले, मनाचे खेळ.
वर्गातल्या मुली म्हणाल्या, नाटकं.
मी काहीच म्हणाले नाही.
तिच्या आईला दोन मासे जास्त दिले त्या साली.

मी पत्राला नाही म्हटलं नाही,
हो म्हटलं नाही,
रबरांच्या आणि सुतळीच्या खणात सारलं.
पुढे सरकारनंही पत्रं धाडायची थांबवली,
तेव्हा खरं सांगते, हायसं वाटलं.
माझ्या खणाला जणू सरकारी कुलूप मिळालं.

वर्षं गेली.
कुणीतरी मोठमोठ्या याद्या ताडून पाहिल्या म्हणे:
टोचलेल्या मुली, न टोचलेल्या मुली,
दुखणी दोन्हीकडे तशीच निघाली.
ही बातमी आली तेव्हा टीव्हीसमोर
कुणी थबकलं नाही.
मीही मासे मोजत होते.

तांदूळवाल्यांची सून, कानाए. एकतीस वर्षांची.
खारवलेल्या माशाचा वास सोसेना झाला
तेव्हा दाराबाहेर उभी राहून हातानं खुणा करायची,
हा नको, तो द्या.
पुढच्या डिसेंबरात नवरा एकटाच आला.
म्हणाला, यंदा अर्धाच द्या.
अर्धा करताना ती मधली बोटभर जागा
मला कापावी लागली.

मग पुन्हा पत्र. राहून गेलेल्या मुलींसाठी.
चिहारु आता सेंदाईला, चोविशीची.
फोनवर म्हणाली, आई, माझी पुस्तिका काढ ना,
ती माझ्या जन्माच्या वेळची.
मी वाचून दाखवलं: पोलिओ, शिक्का आहे.
गोवर, आहे. क्षयाची, आहे.
मग पान संपायच्या आधी थांबले.
तिकडे ती थांबली.
कुणीच कुणाला दोष दिला नाही,
फक्त फोनमध्ये ट्रॅम गेल्यासारखा आवाज झाला,
पण सेंदाईत ट्रॅम नाही.

मिओरी दरवर्षी नव्या वर्षाचा मासा न्यायला येते.
आता चालते नीट. जिने टाळते.
पैसे घेता घेता मी विचारून टाकलं,
इतक्या वर्षांनी, निर्लज्जासारखं.
तिनं सुट्टे मोजले, पुन्हा मोजले.
"घेऊ दे तिला," म्हणाली.
"आणि दुखलं म्हणाली, तर दुखलंच असं समजा.
मला औषध नको होतं तेव्हा, काकू. एवढंच हवं होतं."

सेंदाईचा दवाखाना. निळ्या खुर्च्या.
टोचल्यावर अर्धा तास बसायला सांगतात.
माझ्या हातांना माशाचा वास येतोय का
म्हणून मी ते मांडीखाली घेतले.
बाराव्या मिनिटाला चिहारु हळूच म्हणाली,
दुखतंय थोडं.

काही नाही गं, होतं असं,
ओठांवर आलंच होतं.

कुठे? मी विचारलं.
तिनं बाही वर केली.