दाखल न केलेले

गणपती पेठेतल्या आमच्या जिन्याला हळदीचा वास आहे,
सांगलीचे पक्षकार तो कपड्यांतून घेऊन येतात.
पाटीवर आधी आज्जा, नेमगोंडा मगदूम, वकील,
मग बाबा, तळाशी मी,
बोट लावलं तर रंग लागेल इतकी नवी.

महापूर ओसरल्यावर
रजिस्टरं दोरीवर वाळत घातली.
निकाल पुसले गेलेले, तारखा फुगलेल्या.
वरच्या फळीवर एकच वही कोरडी:
‘दाखल न केलेले’.

सगळे वाटपाचे दावे.
आज्जा म्हणायचा, फी उद्या घेतो,
आज दिवस मावळायच्या आत
भावाच्या ताटाला ताट लावून जेवून या.
काही परत आले.
जे आले नाहीत त्यांची नावं इथं,
फीच्या रकान्यात आडवी रेघ.

बाबा म्हणायचे, या रेघांवर माडी चढली असती.

शेवटच्या पानावर
वादी नेमगोंडा, प्रतिवादी जिनगोंडा, सख्खा भाऊ.
मळ्यातली विहीर, सोळा गुंठे.
शेरा: जेवून आलो.

आज समोर एक माणूस,
बहिणीविरुद्धचे कागद मांडीवर.
मी पेनाला टोपण लावते.
चार वाजून गेलेत.