अकरा सेकंद

आधी पंखा बंद करतो आम्ही.
भुसावळ, मे महिना, गच्चीवरची खोली.
भिंतींना माझ्या लग्नातल्या दोन गोधड्या
आणि वारके सरांच्या घरचं जुनं जाजम,
आवाज घुमू नये म्हणून.
मालगाडी आली की थांबायचं.
अठ्ठावन्न वाघिणी. सर मोजतात, सवयीने;
तीस वर्षं यार्डात होते.

मी संकलन करते. एका भागाचे आठशे.
लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी,
पण इथे कुणी म्हणत नाही, मामांना जरा जास्त दाखवा.

विषय ऑप्शन्स. कॉल, पुट, प्रीमियम, एक्सपायरी.
मला वाटायचं, हे आपलं
परीक्षेला ऑप्शनला टाकलेलं प्रकरण.
मग एकदा सर म्हणाले, सावद्याचं केळं बघ.
घड कापला त्या घडीपासून
भाव हलो न हलो, ते पिकतंच.
गाडी दिल्लीला पोचेपर्यंत रोज थोडं जातं.
ते रोज जातं ना, तो थीटा.
घेणाऱ्याच्या खिशातून जातं,
विकणाऱ्याच्या खिशात येतं, येतच राहतं,
आणि एखाद्या रात्री गाडीच उलटते.
त्या रात्रीचं कुणी सांगत नाही.

तेव्हापासून मी हेडफोन नीट लावते.

शिकायला म्हणून इतरांचेही पॉडकास्ट ऐकले.
सुरुवातीलाच ढोल, मग एक माणूस ओरडतो,
जणू पारोळा नाक्यावर काळी-पिवळी सुटतेय
आणि एकच जागा राहिलीय.
कमावल्याचा आकडा पहिल्या मिनिटात.
गमावल्याचा
शेवटपर्यंत ऐकलं तरी नाही.

आमच्याकडे आकडा उशिरा येतो. कधी येतच नाही.
सर एका भागात चारदा म्हणाले, "मला माहीत नाही."
मी तीन कापले.
रात्री साडेअकराला फोन: परत लाव.

आणि मग हा भाग.
पाहुणा निंबा देवरे, औषधांच्या दुकानात कामाला, वय एकोणतीस.
प्रमाण भाषा इस्त्री करून घालून आलेला.
स्टॉप लॉस, शिस्त, मानसिकता.
आवाज गुळगुळीत, पातळी हिरवी, मला जांभई.
सरांनी मधेच विचारलं,
घरात पहिल्यांदा कुणाला सांगितलं?

पडद्यावरची रेघ आडवी झाली.
तीन. चार.
खाली गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा.
सात.
कुणीतरी आवंढा गिळला,
त्याने की सरांनी, अजून सांगता येत नाही.
अकरा.
मग इस्त्री मोडली:
"कोनलेच सांगेल नै, भो.
मायना गोफ गहाण शे.
तिले वाटस, लॉकरमा शे."

दोन सेकंदांहून मोठी शांतता
आपोआप कापणारं एक बटण असतं.
दाबून बघितलं.
प्रश्न, आणि लगेच उत्तर.
खोटं बोलतोय असं वाटलं.
मागे घेतलं.

शुक्रवारी निंबाचा फोन.
ताई, माय आजकाल मोबाईलवर ऐकते सगळं.
ते गोफाचं काढा.
काढलं. (त्याचं नावही मी इथे बदललंय,
आणि गोफ हा गोफ नव्हता.)
अकरा सेकंदांबद्दल तो काही बोलला नव्हता.
ते ठेवले.
आता प्रश्न येतो, घंटा येते, आवंढा येतो,
आणि सर पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

सोमवारी धरणगावहून एकाचा फोन.
चौदाव्या मिनिटाला आवाज गेलाय तुमचा,
दुरुस्त करा.
मी म्हटलं, कुल्फीवाल्याची घंटा ऐकू येते?
म्हणाला, हो, ती येते.
मग गेला नाही, म्हटलं.
तो जरा वेळ काही बोलला नाही.
मी मोजलं नाही.