नाव भाड्याने

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस,
गाळा नंबर चार.
तिथे भिंतीवर मी आहे.

कु. हर्षला बाळाराम मोकल.
नोंदणी क्रमांक, गोल शिक्का,
बाविसाव्या वर्षीचा चेहरा,
फोटोवाल्याने हनुवटी वर करायला लावलेली.
कु. आता राहिलेली नाही,
पण त्यासाठी काच कोण उघडणार.

शेजारी लक्ष्मी.
सकाळी शटर वर गेलं की केतनभाई
अगरबत्ती तिच्यापुढे फिरवतात
आणि त्याच झोकात माझ्यापुढेही.
काचेवर धुराचा पिवळा डाग धरलाय,
नेमका माझ्या तोंडावर.

महिन्याला सहा हजार.
दहा तारखेच्या आत.

आमच्या घरात भाड्याने देणं नवीन नाही.
खाजण गेली, मिठागर गेलं,
बदल्यात साडेबारा टक्क्यांचा कागद आला,
कागदावर चार मजले चढले.
आबांनी खोल्या दिल्या, पाण्याचं बिल वेगळं.
गच्ची दिली मोबाईलच्या टॉवरला.
जिन्याखालची जागा इस्त्रीवाल्याला.
सगळ्यात शेवटी मी गेले.

"कायद्याला माणूस लागतो बेन,
माणूस म्हणजे सर्टिफिकेट.
बसायची काय गरज नाय."

तपासणीचे साहेब येणार असले
की आदल्या रात्री फोन येतो.
मग मी पांढरा कोट घालून बसते
आणि गिऱ्हाईक मला विचारतं,
आज तो पोरगा नाही का?

चार वर्षं शिकले.
खलात कुटलं, तागडीत तोललं,
कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडते
ते पाठ केलं रात्री,
वरच्या भाडेकरूच्या टीव्हीखाली.

काल बाळाच्या पावडरसाठी सहज शिरले.
एक बाई उभ्या होत्या, साठीच्या,
बोटं सांध्यासांध्यात सुजलेली,
पर्समधली चिठ्ठीसुद्धा निघेना त्यांना.
पोरगा स्ट्रिप कापत होता, पिवळ्या गोळ्या.
"रोज एक. रात्री जेवून."

मी चिठ्ठी ओढलीच त्याच्या हातातून.

रोज नाही. आठवड्यातून एकदा.
एकच वार धरा, गुरुवार धरा.
रोज घेतलीत तर महिनासुद्धा काढणार नाही तुम्ही.

माझा आवाज चढला होता.
पावडरचा डबा काउंटरवर आडवा झाला.

पोरगा म्हणाला, "तुम्ही कोण?"

मी वर पाहिलं.
त्यानेही वर पाहिलं,
लक्ष्मीकडे, घड्याळाकडे,
माझ्याकडे, म्हणजे त्या काचेतल्या मुलीकडे,
आणि पुन्हा खाली माझ्याकडे.
काही जुळलं नाही त्याला.

मी पेन मागितलं.
स्ट्रिपच्या पाठीवर लिहिलं, गुरुवार.
चंदेरी कागदावर शाई धरत नाही,
तीनदा गिरवलं.

बाईंनी ती पदराच्या टोकात बांधली,
पर्स असूनही.
मग जाता जाता, उंबऱ्यात वळून:
"तू इथे रोज असतेस का गं?"

असते, म्हणाले.

कायद्याने ते खोटं नाही.

आज दहा तारीख.
फोन एकदा थरथरून गप्प झाला.
पाहिला नाही.
मी बाळाला मांडीवर घेऊन
गुरुवार किती लांब आहे
ते बोटांवर मोजते आहे.