दर दुसऱ्या शनिवारचं पान

बिजागरी इथे उलटी बसते.
दारासारखी नाही. तिची गाठ
लाकडाच्या पोटात लपवायची,
आखूड पातं मेजाला, लांब पातं पानाला.
मोरागच्या भाषेतही या फळीला पानच म्हणतात,
पण झाडाचं. जेवायचं नव्हे.

डंडीतली जुनी तागाची गिरणी,
मागच्या अंगाला शेड, मंगळवारी सहा ते नऊ.
लाकूड एका बंद पडलेल्या शाळेचं,
प्रयोगशाळेतलं मेज, साग.
वरची बाजू रंधून घेतली, खालची तशीच आहे:
च्युइंगमचे खडे, कर्कटकानं कोरलेला कुणी केनी.

मोराग वाकून बघते. चष्मा कपाळावर.
गाठीचा मध्य कमानीच्या केंद्रावर यायला हवा,
अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर पान अडणार.
आधी लोखंडी स्क्रू पिळून वाट करायची,
तो काढून मग पितळी, साबण लावून.
पितळ मऊ. घाई केली की मान मोडते.

तिसऱ्याची मोडली.
तो आतच आहे. राहू दे म्हणाली.

आणि पान अडलंच.
अर्ध्यावर, किर्र करून.
किसू का थोडं? मी विचारलं.
लाकडाला कशाला बोल लावतोस, ती म्हणाली,
बिजागरी सरकव.
म्हणजे सगळे स्क्रू बाहेर,
भोकांत सरसात बुडवलेल्या काड्यापेटीच्या काड्या,
आणि पुढचा मंगळवार.

मधल्या आठवड्यात वकिलाचं पत्र पुन्हा वाचलं.
एकाआड एक शनिवार, सकाळी दहापासून
रविवारी चारपर्यंत. सुट्ट्या निम्म्या निम्म्या.
त्यातही कुणीतरी टोकदार पेन्सिलीनं
केंद्र शोधलेलं दिसतं,
आम्ही दोघं एकमेकांना न घासता फिरावं म्हणून.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा
मला फक्त किर्र ऐकू आली होती.

आता पान खाली सोडलं तरी फट दिसत नाही.
मोरागनं बोटाचं नख सांध्यावरून फिरवलं,
काही बोलली नाही, किटली लावली.

तिसरा मजला. स्वयंपाकघर म्हणजे एक खिडकी
आणि तिच्यातून टे नदीचा चतकोर.
बारा दिवस मेज भिंतीला चिकटून असतं,
इस्त्रीच्या फळीएवढं. एकट्याला पुरतं,
डाव्या कोपरापाशी मिठाची बाटली.

शनिवारी तन्मयी येते.
अकरा वेळा पान वर करते, अकरा वेळा खाली.
मग मेजाखाली शिरते.
ई! कुणाचं च्युइंगम हे?
केनीचं, मी म्हणतो.
केनी कोण?
माहीत नाही. हात धू.

धुते. ओल्या हातांनीच स्टुलावर चढून बसते.
बाबा, पान घे ना, भूक लागली.
कुठलं ते मी विचारत नाही.
फळी वर करतो, खालचा आधार ओढतो,
आणि ताटल्याही काढतो.